दोन मीटरचा पट्टा

ऑगस्ट २०२५पासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुत्र्यांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी निवडणुकांवरूनही झाली नाहीत. ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ तारखेला मोठ्या खंडपीठाने तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथली तिथे सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी ठेवून घ्या, खायला घालायचं ते नेमून दिलेल्या जागीच. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवावीत, ती तिथे परत सोडू नयेत, असाही आदेश आला. दर निकालाला आमच्यात नव्याने दोन तट पडतात. मामेभाऊ कॉलनीतल्या कुत्र्यांना रोज रात्री दूधभात घालतो. आई साताऱ्यात पहाटे फिरायला निघते ती हातात काठी घेऊन. मधूनच कुणीतरी परदेशातल्या स्वच्छ रस्त्याचा व्हिडिओ टाकतं आणि खाली लिहितं, "बघा, एक तरी भटकं कुत्रं दिसतंय का? ताई, तू तिकडेच राहतेस, तूच सांग."

तर सांगते.

मी इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या डोंगराळ भागात राहते. आमचा कुत्रा खंड्या हा कॉली आणि लॅब्रेडॉर यांच्या संकरातला. एका प्राणी निवाऱ्यातून आणलेला. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आम्ही दोघं शेतांतून जाणाऱ्या पायवाटेने फिरतो. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. जमीन शेतकऱ्याची, पण तिच्यातून चालायचा हक्क सगळ्यांचा. आपल्याकडच्या पाणंदीवर जसा गावाचा हक्क असतो तसाच, फक्त इथे ती वाट शासनाच्या नकाशावर आखलेली असते आणि शेतकऱ्याला ती नांगरून गिळता येत नाही. हा हक्क कुणी सहज दिलेला नाही. आमच्या जवळच्याच किंडर स्काउट डोंगरावर २४ एप्रिल १९३२ला शेकडो कामगार तरुण जमीनमालकांची बंदी मोडून चढले आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. मोकळ्या माळांवर आणि डोंगरांवर वाट सोडूनही चालायचा हक्क कायद्यात आला तो थेट २००० साली.

आणि त्याच कायद्यात कुत्र्याचं कलम आहे. अशा मोकळ्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा पट्ट्यावर हवा, आणि पट्टा दोन मीटरपेक्षा लांब नको. गुरंमेंढरं जवळ असतील तर वर्षभर. कारण साधं आहे. हे पाच महिने चंडोल, लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू आणि टिटवीचे इकडचे भाऊबंद जमिनीवर घरटी करतात. कुत्र्याने अंडी खाल्ली नाहीत, नुसता गवतातून हुंदडून गेला, तरी मादी उठते, अंडी उघडी पडतात, आणि मार्च-एप्रिलच्या इथल्या थंडीत ती गार व्हायला फार वेळ लागत नाही.

शेतातल्या पायवाटेवर पट्ट्याचं असं सरसकट बंधन नाही. कुत्रा तुमच्या ताब्यात हवा, एवढंच. पण मेंढ्यांच्या कुरणात मोकळा आणि ताब्याबाहेरचा कुत्रा दिसणं हाच १९५३च्या कायद्याने गुन्हा आहे. चावा घ्यायची गरज नाही. एप्रिलमध्ये इथे मेंढ्या वितात. कुरणात शिरलं की प्रत्येक मेंढीच्या अंगावर रंगाने फवारलेला मोठा आकडा दिसतो आणि तिच्या दोन्ही कोकरांच्या अंगावर तोच आकडा. कोण कुणाचं हे शेतकऱ्याला लांबूनही कळावं म्हणून. आम्ही जवळून जायला लागलो की मेंढी चरायचं थांबते, मान वर करते आणि पुढचा एक पाय जमिनीवर आपटते. कोकरं धावत तिच्या पोटाखाली शिरतात. खंड्याचे कान ताठ, अंग जमिनीलगत. कॉलीचं रक्त आहे, मेंढ्या वळवायची ओढ त्याच्या हाडांत आहे. मी पट्टा हाताला एक वेढा देऊन आखडून घेते, कुंपणाच्या कडेने चालते, थांबत नाही. वरच्या शेताच्या मालकाने पहिल्याच वसंतात मला समजावलं होतं की गाभण मेंढी नुसती पळवली तरी तिचा गर्भ जाऊ शकतो. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण शेवटचा उपाय म्हणून कळपामागे लागलेला कुत्रा गोळी घालून मारायची मुभा इथला कायदा शेतकऱ्याला देतो, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गाईंचं उलटं. वासरांसह बाहेर काढलेल्या गाई कुत्रा दिसला की अंगावर येतात, आणि त्यात माणसं मेलेली आहेत. अशा वेळी सरकारी सूचना आहे की पट्टा सोडून द्या. कुत्रा पळून वाचतो, गाई त्याच्यामागे जातात, तुम्ही कुंपण गाठा. मेंढ्यांत घट्ट धरायचं, गाईंत सोडायचं. कुत्र्यावर माया असून भागत नाही, कोणत्या शेतात काय चरतंय ते बघावं लागतं, ते यासाठी.

मला इथे राहून पटलेली गोष्ट हीच आहे. भटकी कुत्री दिसत नाहीत याचं कारण लोक कुत्र्यांवर जास्त प्रेम करतात हे नाही, आणि कमी करतात हेही नाही. प्रत्येक कुत्र्यामागे एक माणूस लिहिलेला आहे. सार्वजनिक ठिकाणी गळपट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता हवा. २०१६पासून कातडीखाली चिपही हवी. कुत्र्याने काही केलं तर जाब विचारायला दार आहे. आणि जाब विचारता येतो म्हणूनच शेतकरी मला आपल्या शेतातून कुत्रा घेऊन जाऊ देतो.

पण व्हिडिओ पाठवणाऱ्यांनी हेही ऐकावं, की ही शांतता इथे आपोआप आलेली नाही आणि दयेने तर मुळीच आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये बेवारस कुत्री पकडून मोठ्या संख्येने मारली जात. १८९७पासून पिसाळ रोग, म्हणजे रेबीज, हटवायला कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधायची सक्ती झाली, लोकांनी आरडाओरडा केला, सरकार हटलं नाही. १९०२पर्यंत रोग गेला. पहिल्या महायुद्धाअखेर बाहेरून आलेल्या कुत्र्यांबरोबर तो परत आला आणि १९२२मध्ये पुन्हा संपवला. त्यानंतर कित्येक दशकं बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवत. भोवती समुद्र होता म्हणून ते जमलं. आजही बेवारस सापडलेला कुत्रा स्थानिक परिषद सात दिवस ठेवते. तोवर मालक आला नाही तर त्याला दुसरं घर शोधता येतं आणि मारताही येतं, दोन्हीला कायद्याची मुभा आहे. खंड्या अशाच एका सात दिवसांतून वाचून निवाऱ्यात पोचला होता.

आपल्याकडे मारून बघितलेलं आहे. मुंबईत १८३२मध्ये ब्रिटिशांनी कुत्री मारायला दर कुत्र्यामागे पैसे लावले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. मारणं त्यानंतरही पुढच्या शतकात चालूच राहिलं. कुत्री कमी झाली नाहीत, कारण उकिरडा होता तिथेच होता. एका जागेची कुत्री गेली की शेजारची येतात, पोटभर खातात, वितात. सगळी निवाऱ्यांत नेणं हा त्याचाच पुढचा अवतार वाटतो मला. एवढे निवारे नाहीत, आणि कोंदट जागेत शेकडो कुत्री कोंडली तर रोग आणि उपासमार ठरलेली.

आईची काठी मात्र मला कधीही हास्यास्पद वाटत नाही. रेबीजने जगात जेवढी माणसं मरतात त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भारतातली आहेत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात लहान मुलं फार. लक्षणं दिसली की हा रोग जवळजवळ कधीच सोडत नाही. इथे मला अनोळखी कुत्रा अंगावर आला तर चाव्याची भीती वाटते, मरणाची नाही. हा फरक इतका मोठा आहे की "तिकडे बघा, कुत्र्यांशी किती प्रेमाने वागतात" असं आईला ऐकवायचा मला अधिकार नाही. रात्रपाळीहून सायकलवर परतणारा माणूस, अंगणवाडीत चालत जाणारं पोर, यांना रस्ता निर्धास्त मिळालाच पाहिजे. या बाबतीत मी पूर्णपणे आईच्या बाजूची आहे.

उपायासाठी इंग्लंडपर्यंत यायचीही गरज नाही. गोव्यात घरच्या कुत्र्यांना आणि जाळ्यात पकडलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं नेटाने लस टोचली गेली, शाळांतून मुलांना शिकवलं गेलं. २०२१मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. आधीची तीन वर्षं तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू झाला नव्हता. भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे जगभर मान्य झालेलं गणित आहे. रस्त्यावरचं कुत्रं एरवी कुणाच्या हाताला लागत नाही. जो रोज खायला घालतो त्याच्या हाताला लागतं. मामेभावाला मी हेच सांगते की तुझ्या दूधभाताला माझी हरकत नाही, पण त्या अकरा-बारा कुत्र्यांना मानेला धरून लसीच्या गाडीपर्यंत नेऊ शकेल असा माणूस कॉलनीत तूच एक आहेस. ते करत नसशील तर तू त्यांना पाळतही नाहीस आणि सोडतही नाहीस.

शहरातल्या या वादात गावाबाहेरचा माळ कुणाच्याच लक्षात नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. टिटवी आपल्याकडेही मार्चपासूनच उघड्या जमिनीवर अंडी घालते. तिने अंडी उंचावर घातली की सखल, यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसं अजून आपल्या गावांत आहेत. त्याच दिवसांत पळस फुललेला असतो, सुट्ट्या लागतात, आणि पुण्या-मुंबईची माणसं आपापले लॅब्रेडॉर आणि हस्की गाडीत घालून फार्महाउसवर येतात, माळावर मोकळे सोडतात. कुत्रा पळतोय, मुलं टाळ्या वाजवतायत. चंडोल आणि टिटवी तिथेही जमिनीवरच बसलेली असते. पुण्याजवळच्या गवताळ माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत निघालं आहे. अकोले भागातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा दिसला. गावाच्या कडेला जितकी कुत्री, तितका बिबट्या उंबऱ्याजवळ. इंग्लंडने आपला शेवटचा लांडगा काही शतकांपूर्वीच संपवला, म्हणून इथल्या मेंढीला भीती ती फक्त माझ्या खंड्याची. आपल्या माळावर लांडगा अजून आहे, धनगराची मेंढरं आहेत आणि ती राखणारी त्याची कुत्रीही. ती मोकळी असतात, कारण ती कामावर असतात. फिरायला आणलेल्या कुत्र्याला ती मोकळीक नको. मार्च ते जुलै माळावर पट्टा, एवढा एक नियम आपल्या वनखात्याने आणि ग्रामपंचायतींनी केला तरी खूप होईल.

इथल्या श्वानप्रेमातही खोट आहे. वसंतात लोक कुत्र्याला विंचरून निघालेले केस पाखरांना घरट्यासाठी म्हणून झुडपांवर टाकतात. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी केसांचं अस्तर असलेली घरटी तपासली, तर सगळ्यांत पिसवांच्या औषधाचा अंश सापडला, आणि जिथे तो जास्त तिथे मेलेली पिल्लंही जास्त. आम्ही आता केस कचऱ्यात टाकतो. औषध दर महिन्याला सवयीने न लावता पिसवा दिसल्या तरच, पशुवैद्याला विचारून लावतो. औषध लावलेल्या दिवसांत खंड्याला ओढ्यात पोहण्यापासून आवरते, कारण ते औषध पाण्यात उतरतं. ओढा दिसला की तो अजूनही ओढतो, आणि मला जोर लावावा लागतो.

पुढच्या फेब्रुवारीत मी साताऱ्याला जाणार आहे. मामेभावाने पालिकेकडे लसीकरणाच्या गाडीसाठी अर्ज केला आहे. तारीख मिळाली तर कुत्री धरायला आम्ही दोघं असू. आई म्हणते, "मीही येते, पण काठी घेऊन येणार." मी म्हटलं, जरूर घे.