धर्मानंद कोसंबींची ‘धरसोड’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं मन लावून भांडलात, की नुसतं ‘प्रतिक्रियेबद्दल आभार’ लिहून मोकळं होणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तरुण बायको आणि तान्ही मुलगी मागे टाकून निघालेल्या माणसाला मी डोक्यावर घेतलं. हा गृहस्थ धड भिक्खू राहिला नाही, धड संसारी. कलकत्ता, पुणे, हार्वर्ड, अहमदाबाद, लेनिनग्राड अशी जन्मभर धरसोड केली. आणि बौद्ध म्हणवून घेऊन शेवट केला तो जैनांसारखा उपाशी राहून.

पहिल्या आरोपावर मी त्यांचं वकीलपत्र घेत नाही. १८९९ मध्ये त्यांनी गोवा सोडला तेव्हा मुलगी माणिक तान्ही होती आणि पुढची सहा-सात वर्षं त्यांच्या पत्नी बाळाबाईंनी कशी काढली असतील ते आपण नुसतं कल्पू शकतो. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मकथनामुळे. प्रांजळपणे लिहिलं म्हणून देणं फिटतं असं नाही. १९०६ नंतर ते घरी परतले, संसार पुन्हा मांडला, १९०७ मध्ये मुलगा दामोदर याचा जन्म झाला. १९१८ मध्ये त्याच माणिकला अमेरिकेला नेऊन रॅडक्लिफ कॉलेजात शिकवलं. मधल्या वर्षांची भरपाई यातून झाली का, हे ठरवण्याचा हक्क बाळाबाईंचा होता, तुमचा-माझा नाही.

चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, उतरवण्याच्या बाबतीत मात्र मला तुमचं अजिबात पटलेलं नाही. तुमच्या मनात, आणि आपल्या बहुतेकांच्या मनात, आळंदीचे विठ्ठलपंत बसलेले आहेत. संन्यास घेतलेला माणूस घरी परतला की तो भ्रष्ट, आणि पोरांनाही वाळीत टाकायचं. थेरवादात, म्हणजे सिलोन-ब्रह्मदेशातल्या बौद्ध परंपरेत, असं काही नाही. भिक्खूने बोलणं समजणाऱ्या एखाद्या माणसासमोर ‘मी शिक्षा (भिक्खूचे नियम) सोडतो’ असं शुद्धीवर असताना सांगितलं की तो गृहस्थ होतो. त्यावर कलंक बसत नाही, आणि मन झालं तर पुन्हा दीक्षाही घेता येते. ब्रह्मदेशात तर मुलगे काही दिवस विहारात काढून सरळ घरी परततात. कोसंबींनी दीक्षा घेतली ती याच परंपरेत: १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात (भिक्खूंच्या विद्यालयात), हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू म्हणून, आणि नंतर ब्रह्मदेशात भिक्खू म्हणून.

त्याआधीची पायपीट बघा. पुण्यात संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांची भेट, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत, मग बुद्धधर्म बघायला नेपाळ, आणि तिथे घोर निराशा. पाली शिकायची तर सिलोन गाठायला हवं, हे कळल्यावर खिशात दमडी नसताना ते तिकडे गेले. विहाराने त्यांना गुरू दिला, भात दिला, ग्रंथ दिले. पण शिकलेलं शिकवायचं तर विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचे, नियम आडवे येतात. भिक्खूला पैशाला हात लावता येत नाही; मग कॉलेजचा पगार कसा घेणार? १९०६ मध्ये कलकत्त्याला आल्यावर त्यांनी चीवर उतरवलं आणि नॅशनल कॉलेजात, पुढे विद्यापीठात पाली शिकवायला लागले. यात घसरण कुठे दिसली तुम्हाला?

‘धरसोड’ हा शब्द तर मला फारच लागला. कलकत्ता विद्यापीठाचे महिना २५० रुपये सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे ५० रुपये पत्करले. अट काय, तर महाराष्ट्रात राहायचं आणि ग्रंथ लिहायचे. पगारासाठी उड्या मारणारा माणूस असा हिशेब करत नाही. (आमच्या ऑफिसात पाच टक्के वाढीसाठी कंपनी बदलणाऱ्याला ‘करिअर-माइंडेड’ म्हणतात, ते असो.)

आणि ‘विशुद्धिमग्ग’! बुद्धघोषाचा हा पाचव्या शतकातला प्रचंड पाली ग्रंथ संपादित करता करता अमेरिकन अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरन १८९९ मध्ये वारले. ते अर्धवट काम पुरं करायला १९१० मध्ये हार्वर्डने कोसंबींना बोलावलं. श्रेय कोणाचं यावरून तिथले संस्कृतचे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचं बिनसलं, आणि १९१२ मध्ये ते काम टाकून परत आले. टाकून म्हणजे तात्पुरतं. पुन्हा १९१८ मध्ये गेले, लॅनमन निवृत्त झाल्यावर १९२६ मध्ये गेले, १९३१ मध्येही गेले. १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची देवनागरी आवृत्ती काढली. हार्वर्डची रोमन लिपीतली आवृत्ती निघाली १९५० मध्ये, ते जाऊन तीन वर्षं झाल्यावर. संपादक वॉरन, संशोधित करणारे धर्मानंद कोसंबी. एका ग्रंथामागे उभी हयात लावणारा माणूस धरसोड्या असेल, तर चिकाटी कशाला म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, पुढे पालीचे अभ्यासक झालेले पु. वि. बापट तिथलेच विद्यार्थी. लेनिनग्राडहून मिठाच्या सत्याग्रहासाठी परतले आणि तुरुंगात गेले. परळला गिरणगावात बहुजनविहार उभारला.

त्यांचं ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक तुम्ही वाचलं नसेल तर निदान गृहत्यागाचं प्रकरण वाचा. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी बघून राजपुत्र रातोरात पळाला, ही गोष्ट ते बाजूला ठेवतात आणि सुत्तनिपात या जुन्या पाली ग्रंथातल्या अत्तदण्डसुत्ताकडे वळतात: ‘फन्दमानं पजं दिस्वा मच्छे अप्पोदके यथा’. थोड्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांवर उठलेली माणसं बघून मला भय वाटलं, असं तिथे बुद्ध सांगतो. बुद्धाचं शाक्य कुळ आणि शेजारचे कोलिय यांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण, आणि शस्त्र उचलायचं नाही म्हणून बाहेर पडलेला तरुण, अशी संगती कोसंबी लावतात. बाबासाहेबांनीही पुढे रोहिणीच्या वादातूनच गृहत्यागाची मांडणी केली. आईबाप रडत असताना, त्यांच्यादेखत तो घराबाहेर पडला, हे पाली सुत्तातलं वाक्यही कोसंबी ठळकपणे मांडतात. स्वतः घर सोडलेल्या माणसाने ते निवडावं, हे मला विसरता येत नाही.

राहिला उपास. १९४६ मध्ये सुरू केलेलं उपोषण गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी सोडलं. पुन्हा सुरू केलं आणि ४ जून १९४७ ला सेवाग्रामला देह ठेवला. बुद्धाने आत्मक्लेश नाकारला होता, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण जैन तीर्थंकर पार्श्वनाथाच्या चातुर्याम (चार व्रतांच्या) धर्माचं ऋण बुद्धावर आहे, असं कोसंबी उघड मांडत होते आणि शेवटचं पुस्तकही त्यावरच लिहून गेले. म्हणजे ही पळवाट ऐनवेळी शोधलेली नव्हती. प्राचीन श्रमण मांस खात, असं लिहिल्याबद्दल ज्या जैन मंडळींनी त्यांच्याविरुद्ध रान उठवलं होतं, त्यांना हा शेवट कसा वाटला असेल, याचं मला तुमच्या आक्षेपापेक्षा जास्त कुतूहल आहे.