एकदा लावून तर बघू!

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर हाती आला की भल्याभल्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "एकदा लावून तर बघू!" दुरुस्तीचा निम्मा खर्च या वाक्यापोटी होतो, असं माझं ठाम मत आहे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या डबीचा) आतला ऑक्साइडचा थर खराब झालेला असतो. त्याच्यावर एकदम चारशे व्होल्ट आदळले की तो तापतो, शॉर्ट होतो आणि जाताना रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणाऱ्या भागाला) आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतो. कपॅसिटर नवा मिळतो. ट्रान्सफॉर्मर मात्र वाइंडिंगला टाकावा लागतो आणि मग आपण वाट बघत बसतो.

तेव्हा स्विच नंतर, आधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन झाकण उघडायचं. प्लग काढलाय म्हणून गाफील राहू नये, हे कपॅसिटर चार्ज धरून बसतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर क्लिप लावून प्लस टोक आणि चेसिसच्या (धातूच्या सांगाड्याच्या) मध्ये दहा सेकंद धरायचा, मीटरने शून्याची खात्री करायची. पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कारण रिकामा केलेला कपॅसिटर स्वतःहून थोडे व्होल्ट पुन्हा गोळा करतो. काही शूर मंडळी हेच काम स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून करतात. ठिणगी उडते, टोक वितळतं, शौर्य सिद्ध होतं.

पुढचं आयुध म्हणजे मेन्सच्या वायरमध्ये सिरीजला जोडलेला १०० वॉटचा बल्ब. फिलामेंटचाच हवा, एलईडी इथे बिनकामाचा. (हा बल्ब शोधणं हीच हल्ली स्वतंत्र मोहीम आहे.) सगळे व्हॉल्व्ह काढून स्विच लावायचा. बल्ब क्षणभर उजळून विझत आला, तर ट्रान्सफॉर्मर बहुधा धडधाकट. ठणठणीत पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे आणि त्या बल्बाने आपले पैसे वाचवलेत.

खरा खलनायक साधा दिसतो: स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) जाणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कागदी कपलिंग कपॅसिटर. त्याचं काम गाणं पुढे सोडायचं आणि डीसी अडवायचा. म्हातारपणी तो डीसीही पाझरू देतो. मग ग्रिडचा निगेटिव्ह बायस, म्हणजे करंटला लगाम घालणारं व्होल्टेज, घटतो, व्हॉल्व्ह भसाभसा करंट ओढतो आणि त्याच्या आतली करडी प्लेट मधोमध लाल व्हायला लागते. बघ्यांना ते फार सुंदर वाटतं. ते सौंदर्य दिसताक्षणी स्विच बंद करावा. कागदी कपॅसिटर तपासत बसण्यात अर्थ नाही, सरसकट ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर घालावेत. मात्र एका वेळी एकच बदलायचा. सगळे एकदम उपटून वाटीत गोळा करणाऱ्याला नंतर वाटीकडे बघत बसण्यावाचून काम उरत नाही.

हाच न्याय डीसी गुळगुळीत करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरला, पण तिथे हाव नको. "मोठा घातला की घरघर कमी," म्हणून लोक पहिल्या जागी १०० मायक्रोफॅरड ठोकतात. जीझेड ३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हची तिथली मर्यादा ६० आहे. त्यापुढे आत ठिणग्या उडतात.

मग बायस. १९५९चा डायनाको स्टिरिओ ७० ॲम्प्लिफायर घ्या. एका चॅनेलच्या दोन ईएल ३४ (आउटपुट व्हॉल्व्ह) मिळून १५.६ ओहमचा एकच रेझिस्टर, त्यावर १.५६ व्होल्ट दिसायला हवेत, म्हणजे दोघींचा मिळून १०० मिलिअँपिअर. कारभार एकत्र कुटुंबाचा: एक सत्तर ओढते, दुसरी तिसात निवांत, आणि मीटर म्हणतो हिशेब चोख. म्हणून प्रत्येकीच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) वेगळा १० ओहमचा रेझिस्टर बसवून घ्यावा, ०.४ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. मी तरी चाळिसाच्या वर नेत नाही. आवाजात फरक कळत नाही, व्हॉल्व्ह जास्त टिकतात. आणि बायस लावताना मधला बल्ब काढलेला हवा, नाहीतर कमी व्होल्टेजवर सगळंच गुणी दिसतं.

या सगळ्यात आउटपुटला लोड जोडलेला असलाच पाहिजे. स्पीकर पणाला लावायचा नसेल तर ८ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर चालतो. मोकळ्या टर्मिनलवर सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगवर) व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. तोच भाग सगळ्यात महाग, हे सांगायला नको.

व्हॉल्व्हच्या माथ्यावरचा चंदेरी डाग बघून तो जळाला समजणारेही भेटतात. तो डाग असायलाच हवा. पांढरा पडला तर मात्र आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला.

उरते घरघर. मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची असेल तर संशय फिल्टर कपॅसिटरवर किंवा जुळत नसलेल्या आउटपुट व्हॉल्व्हवर. मेन्सच्याच फ्रिक्वेन्सीची असेल तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरी किंवा अर्थिंग. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर तो निव्वळ पॉटमधला (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या रेझिस्टरमधला) मळ, काँटॅक्ट क्लीनरने जातो. एवढं करूनही स्पीकरला कान चिकटवला की थोडी गुणगुण ऐकू येतेच. आलेल्या पाहुण्यांना ती कधीच जाणवत नाही. त्यांना हाताला धरून स्पीकरपाशी नेऊन आपणच ती ऐकवतो.