‘लिनक्सच्या मेनूत बाहेरचा प्रोग्राम येत नाही’ म्हणे!

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार काढून घेतला. तेव्हापासून कोल्हापुरात जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्सचा मिंट नाहीतर उबुंटू हा प्रकार टाकून घेणारे भेटायला लागलेत आणि त्यांच्या मागोमाग एक मेसेजही फिरतोय. मला तो तीन ग्रुपांवरून आला, चौथ्यांदा थेट चुलत्यांकडून. मजकूर थोडक्यात असा: सॉफ्टवेअर स्टोअरच्या बाहेरून उतरवलेला प्रोग्राम लिनक्सच्या मेनूत येतच नाही. आणायचा म्हटलं तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो. आणला तरी पुढच्या अपडेटला पुसला जातो. मराठी नाव देता येत नाही. विंडोजवर हे सगळं आपोआप होतं, म्हणून दुकानात-कारखान्यात लिनक्सच्या नादाला लागू नका.

‘आपोआप’पासूनच सुरुवात करू. विंडोजच्या स्टार्ट मेनूत नाव येतं ते इन्स्टॉलर तिथं शॉर्टकट ठेवतो म्हणून. तोच प्रोग्राम झिप फाईलमधून उघडून वापरला तर विंडोजसुद्धा तो मेनूत आणून देत नाही. लिनक्सवर डेब पॅकेज, म्हणजे मिंट-उबुंटूचा इन्स्टॉलर, टाकलं की नाव आपोआप येतं; ॲपइमेज, म्हणजे न बसवता थेट चालणारी सुटी फाईल, उतरवली की येत नाही. फरक पॅकिंगचा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने एकीकडचा इन्स्टॉलर आणि दुसरीकडची सुटी फाईल अशी तुलना मांडलीय.

मेनूत ‘येतच नाही’ हे तर साफ चूक. लिनक्सचा मेनू म्हणजे ठरलेल्या फोल्डरांतल्या छोट्या मजकुराच्या फाईली, प्रत्येक प्रोग्रामची एक. त्यांच्या नावाचा शेवट ‘डॉट डेस्कटॉप’ असा असतो. २००० साली सुरू झालेल्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पात या फाईलचा नमुना ठरला. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन हे लिनक्सचे वेगवेगळे डेस्कटॉप, सगळे तोच पाळतात. आपल्यापुरतं फोल्डर होममध्येच, म्हणजे आपल्या लॉगिनच्या स्वतःच्या फोल्डरातच असतं: ‘डॉट लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘ॲप्लिकेशन्स’. ‘डॉट लोकल’ लपलेलं असतं, फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसतं.

मागच्या महिन्यात शिवाजी उद्यमनगरात एका मित्राच्या पॅटर्न शॉपमध्ये फ्रीकॅड हा डिझाईनचा प्रोग्राम ॲपइमेज उतरवून असाच बसवला. कास्टिंगच्या साच्यासाठी लाकडी नमुने करतात तिथं. मिंट टाकलेल्या कॉम्प्युटरवर भुसा बसलेला. फाईल लिहायला घेतली. पहिली ओळ चौकटी कंसात ‘डेस्कटॉप एंट्री’. खाली ‘टाईप’पुढे ‘ॲप्लिकेशन’, ‘नेम’पुढे दिसायचं नाव, ‘एक्झेक’पुढे प्रोग्रामचा पत्ता, ‘आयकॉन’पुढे चित्राचा पत्ता, ‘कॅटेगरीज’पुढे विभाग. डावीकडचे शब्द रोमन लिपीतच लागतात. सेव्ह केलं, मेनू उघडला, तर फ्रीकॅड नाही.

“दोन मिनिटांचं काम हाय म्हणालास की,” मित्र म्हणाला.

अर्धा तास गेला. पत्ता लिहिताना मी होम फोल्डरसाठी लाटेसारखं टिल्डचं चिन्ह टाकलं होतं, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत टाकतो तसं. ते चिन्ह उलगडतो शेल, म्हणजे त्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, आणि ‘एक्झेक’ची ओळ शेलमधून जातच नाही. तिथं मुळापासून पूर्ण पत्ता लागतो. फाईलला चालवायची परवानगी नसली तरी नाव असंच गायब राहतं, पण ती मी आधीच दिली होती. चिन्ह काढून पत्ता सगळा लिहिला आणि आयकॉन आला. फाईल लिहायचीच नसेल तर मिंटमध्ये मेनूवर उजवं बटण दाबून मेनू एडिटर उघडतो, तोही शेवटी असलीच फाईल त्याच फोल्डरात ठेवतो.

या सगळ्यात ॲडमिनचा पासवर्ड एकदाही लागला नाही. लागतो तो कॉम्प्युटरवरच्या सगळ्या लॉगिनना नाव दिसायला हवं असेल तेव्हा. मग फाईल ‘यूएसआर’खालच्या ‘लोकल’मधल्या ‘शेअर’च्या ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये जाते. एकट्याच्या कॉम्प्युटरसाठी सुडो, म्हणजे ॲडमिनचा हक्क मागणारा शब्द, लावून आज्ञा चिकटवायला सांगणारा कुणी भेटला, तर आधी हात आवरा.

अपडेटच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते नेमकं सांगायला हवं. पॅकेजने सिस्टीमच्या फोल्डरात ठेवलेली फाईल कुणी तिथंच जाऊन बदलली, तर पुढचं अपडेट तिच्यावर नवी फाईल लिहितं आणि बदल जातो. तीच फाईल त्याच नावाने होममधल्या फोल्डरात कॉपी करून बदलली, तर मेनू ही होममधली प्रत आधी धरतो आणि अपडेट तिला हात लावत नाही. दुसरी गोची ॲपइमेजची. फाईलच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. नवी उतरवून जुनी टाकून दिली की ‘एक्झेक’मधला पत्ता खोटा पडतो आणि नाव मेनूतून जातं. ‘पुसलं गेलं’ म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं हेच झालं असावं. उद्यमनगरात आम्ही आकडा काढून साधं ‘फ्रीकॅड’ नाव ठेवलंय. नवी आली की त्याच नावाने जुनीच्या जागी ठेवायची.

मराठी नावाचं काय बोलायचं! या फाईली यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे देवनागरीही चालते अशा पद्धतीत लिहायच्या असतात. ‘नेम’पुढे थेट देवनागरी लिहिलं तरी चालतं. ‘नेम’ला चिकटून चौकटी कंसात मराठीची खूण, म्हणजे ‘एम आर’, टाकली तर सिस्टीमची भाषा मराठी असताना मराठी नाव दिसतं, एरवी इंग्रजी. मित्राच्या मेनूत सध्या ‘पॅटर्न डिझाईन’ असं देवनागरीत दिसतं.

मेसेजवाल्याला खरी तक्रार करायची होती तर ती वेगळीच होती. फाईल चुकली की मेनू काहीच बोलत नाही. नाव येत नाही, एवढंच. ‘डेस्कटॉप-फाईल-व्हॅलिडेट’ नावाची आज्ञा लिहिण्यातल्या चुका दाखवते, पण ‘एक्झेक’मधल्या पत्त्यावर प्रोग्राम खरंच आहे का, हे तीही बघत नाही. मेनूच्या या गप्प बसण्यातच माझा अर्धा तास गेला.