शिळं नाही, रात्रीचं

आमच्या घरी शिळं काही नसतं. ‘रात्रीचं’ असतं, ‘जरासं उरलेलं’ असतं, आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात, ‘बघ बरं काय आहे ते’ असतं. शिळा हा शब्द आईसमोर काढायची सोय नाही. भाकरीचा कुस्करा फोडणीला पडला की त्याचं नाव माणिकपैंजण! असं दागिन्यासारखं नाव ताज्या भाकरीच्या नशिबी नाही.

काल सकाळी सलग तिसऱ्या दिवशी ताटलीत फोडणीची पोळी आली. भांडण्यापेक्षा मी व्युत्पत्तीचा आधार घेतला आणि तिथेच फसलो. शिळा आला संस्कृत ‘शीतल’वरून, प्राकृतात मधला ‘त’ गळाला, मराठीत ‘ल’चा ‘ळ’ झाला. म्हणजे मुळात नुसतं गार. नासकं, आंबलेलं असं काही नाहीच! या हिशेबाने आमचा अख्खा फ्रिज शिळा, आत्ता आणलेल्या दुधासकट. श्रावणात शिळासप्तमीला आदल्या दिवशीचं मुकाट्याने खातो, ती तर शीतलादेवीचीच सप्तमी.

त्यातून ‘ताजा’ हा शब्द फारसीतून आलेला. शिळं घरचं, ताजं बाहेरचं. हॉटेलात जायला भाषिक कारण तेवढं मिळालं.

दगड या अर्थाचा ‘शिळा’ वेगळा, तो ‘शिला’चा. परवाची ज्वारीची भाकरी मात्र दोन्ही व्युत्पत्त्या एकदम सिद्ध करते.

शेवटी गीतेला शरण गेलो. सतराव्या अध्यायाचा दहावा श्लोक: ‘यातयामं गतरसं’ असलं अन्न तामसी लोकांना प्रिय. याम म्हणजे प्रहर, 3 तास. शिजून प्रहर उलटला की संपलं! आईला हे मी कीर्तनकाराच्या थाटात ऐकवलं.

“बरं,” ती म्हणाली. “तुझा डबा मी किती वाजता भरते?”

“सातला.”

“आणि तू उघडतोस कधी?”

दीडला. पण हे मी मोठ्याने म्हटलं नाही.

“खा ती पोळी,” आई म्हणाली. “दिली तेव्हा चांगली वाफाळत होती. शब्दकोश चाळत बसलास. आता म्हण हवं तर शिळी.”