चव्वेचाळिसाव्या वर्षी हळद लागली

माझं दुखणं डीप बाइटचं. तोंड मिटलं की वरचे पुढचे दात खालच्यांना पार झाकून टाकायचे आणि खालचे थेट टाळूला टेकायचे. घासून घासून त्यांची धार गेली होती. शिवाय दात इतके दाटीवाटीने उभे, की मधे ब्रश शिरेना आणि हिरड्या सुजायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तारा लावू. हिरड्या आणि हाड धड असेल तर वयाची अट नाही. दीड-दोन वर्षं धरून चाला."

एकेका दातावर ब्रॅकेट चिकटवून, निळा दिवा मारून तो पक्का केला आणि त्यांतून निकेल-टायटेनियमची तार ओवली. ही तार भलती हट्टी. वाकवली तरी आपल्या मूळ आकारात परतायला बघते आणि जाताना दातालाही ओढून नेते. दात जिकडे सरकतो तिकडचं हाड शरीर विरघळवतं, मागे सुटलेल्या जागेत नवं भरतं. वेग महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. रस्ता खणणारे आणि बुजवणारे एकमेकांना विचारून काम करताहेत, हे शहरात कुठे न दिसणारं दृश्य माझ्या जबड्यात चालू होतं.

तार आवळली की पुढचे तीन-चार दिवस वरणभात चावतानासुद्धा दात ठणकतात. पण दुखणं सोसवतं हो, खरा छळ खाण्याचा. ऊस, कणीस, चिक्की, कडक भाकरी सगळं बंद. पेरू फोडी करून. दिवाळीत चकली चहात बुडवून खाल्ली, यापुढे काय बोलणार! चिवड्यातल्या एका दाण्याने ब्रॅकेट उखडला तो वेगळाच. ऑफिसात डबा झाला की मंडळी चहाला जायची आणि मी बेसिनपाशी इवल्याशा ब्रशने तारेतली मेथी उपसत उभा.

आणि हळद! ब्रॅकेट दातांच्या रंगाचे घेतले होते, चारचौघांत दिसू नयेत म्हणून. पण तार धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या हळद पितात. कांदेपोहे, आमटी, बटाट्याची भाजी. आठवड्याभरात कड्या पिवळ्याधमक. "महिनाभर आमटी बिनहळदीची कर ना," असं बायकोला सुचवून पाहिलं. "चालेल," ती म्हणाली, "स्वतःची स्वतः कर."

शेवटी तोडगा सुचवला दवाखान्यातल्या एका सहावी-सातवीतल्या मुलीने. रंगांचा तक्ता माझ्या हातातून घेत ती म्हणाली, "काका, गडद निळ्या घ्या. पांढऱ्या कड्या पोह्यांत वाया जातात." मग जरा जवळ सरकून, "तुम्हाला पण चिडवतात?"

"ऑफिसात," मी म्हणालो.

"आमच्या वर्गात आता बऱ्याच जणांना आहेत, म्हणून थांबले." मला ऑफिसात तेवढी साथ मिळणं कठीण होतं.

तारा निघाल्या. आता दात एकमेकांवर नीट बसतात, ब्रश सगळीकडे पोचतो, हिरड्यांतून रक्त येत नाही. चकली कोरडी खातो. मात्र दातांना जुन्या जागेची ओढ असते, म्हणून रोज रात्री त्यांना जागेवर धरून ठेवणारा रिटेनर. आई झोपताना कवळी काढून डबीत ठेवते, त्याच वेळी मी माझ्या डबीतून रिटेनर काढून तोंडात घालतो. आईचं म्हणणं एवढंच, की डब्यांवर नावं लिहून ठेव.