निंजा पुन्हा खड्ड्यात

दोन तासांत संपतो, असं लिहिलं होतं म्हणून तो निंजाचा व्हिडिओ गेम घेतला. सेल लागला होता. तेवढ्या पैशांत एक मिसळ आली असती, आणि मिसळ खाताना निदान कोणी मागून खड्ड्यात ढकलत नाही. चित्रं ढोबळ चौकोनी ठिपक्यांची, संगीत आमच्या लहानपणच्या ‘नाइन लॅक समथिंग इन वन’ कॅसेटमधलं वाटावं असं. (आम्ही कॅसेटच म्हणायचो. तिच्यात फुंकर मारल्याशिवाय ती चालायची नाही, आणि त्या लाखांतले खरे खेळ बोटांवर मोजण्याइतकेच असायचे.)

दोन तास हा हिशेब बहुधा एकदाही न मरणाऱ्या माणसाने केलेला असावा.

माझा निंजा काळ्या कपड्यांतला, गळ्याला लाल मफलर. कड्यावर उभा. पलीकडचा ओटा असा जवळच. मी उडी मारली की समोरून एक पक्षी निघतो. तो माझी उडी बघूनच निघतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पक्षी लागून निंजा मरत नाही, मेला असता तर अब्रू तरी राहिली असती. तो हवेतल्या हवेत मागे फेकला जातो, आणि मागे खड्डा असतो.

हा छळ वडिलोपार्जित आहे. टेक्मो कंपनीच्या 1988 च्या ‘निंजा गायडेन’ या खेळातल्या पक्ष्यांनी जगभरच्या पोरांना असंच रडवलं. तिथे शत्रूला मारून चार पावलं मागे गेलात आणि परत आलात, की तो पुन्हा हजर. शेवटच्या लढाईत हरलात तर थेट सहाव्या अंकाच्या सुरुवातीला रवानगी. बरं, तो खेळ ज्यावर चालायचा त्या फॅमिकॉम यंत्राची रॅम होती 2 किलोबाइट. मेलेल्यांची नोंद ठेवायची म्हटली तरी ठेवणार कुठे? माझ्या लॅपटॉपला 8 गिगाबाइट आहे, तरी इथले शत्रू त्याच इमानाने उठून उभे राहतात. हल्लीचे बरेचसे खेळ मनाने मोठे असतात. कड सुटल्यावरही डोळ्याचं पातं लवायच्या आत बटण दाबलं, तर उडी मान्य करतात. कोणाला सांगत नाहीत, आपल्याला वाटतं आपण तरबेज झालो. या खेळात तसली दयामाया नाही.

पक्ष्याचं एक वेळ चालेल. खरी गोम शोधाशोधीत आहे. 1986 च्या ‘मेट्रॉइड’ या खेळापासून ही तऱ्हा रुळली: दार दिसतं पण उघडत नाही, ओटा दिसतो पण तिथवर हात पोचत नाही. हवं ते अस्त्र पार दुसऱ्या टोकाला मिळतं, मग ते घेऊन सगळी वाट तुडवत परत यायचं. वाटेत पक्षी.

आई मागे पालक निवडत बसली होती. शाळेत इतिहास शिकवायची, आता निवृत्त आहे.

“हा सारखा का पडतो रे?”

“पडत नाही आई, पक्षी पाडतो.”

“मग पक्षी गेल्यावर जावं.”

गेलो. ओलांडलं. कौतुक करून घ्यायला वेळच मिळाला नाही, कारण पुढे सरळ उभी भिंत होती.

“तानाजीच्या गोष्टीत घोरपड होती,” आई म्हणाली. “याच्याकडे काही नाही का?”

“आहे ना. नखं मिळतात, भिंतीला चिकटायची. पण आधी त्या बेडकाला मारावं लागतं.”

“निंजा म्हणजे हेरच ना? हेराने कशाला बेडूक मारत बसावं? बहिर्जी नाईक वेश बदलून दारातून आत जायचे.”

मुद्दा बिनतोड होता. जपानातल्या इगा प्रांताचे खरे निंजाही भिक्षू नाहीतर फेरीवाले बनून हिंडायचे. काळे कपडे घालून दिवसाढवळ्या उड्या मारणारा हेर फार दिवस नोकरीत टिकला नसता. पण खेळात वेशांतराचं बटण नव्हतं.

बेडूक अर्धमेला झाला तेव्हा तिने मलाच कुकर बंद करायला उठवलं. बेडकाशी लढताना खेळ थांबवता येत नाही. परत आलो तर निंजा आडवा, आणि आई म्हणते, “मी काही हात लावला नाही हं.”

बेडूक पडला तो रात्री, जेवणं झाल्यावर. नखं मिळाली, आणि आता ती वापरायची कुठे हे मला आठवेना. नकाशावर सगळ्या खोल्या सारख्याच, निळे चौकोन.

“विहिरीजवळ,” आई म्हणाली. “तिथून तू तीनदा मागे फिरलास. आणि त्याच्या खाली एक फुटकी भिंत आहे, तिच्याकडे तू बघितलंही नाहीस. आधी त्या दगडी दिव्यापाशी जाऊन ये.”

तो दिवा म्हणजे सेव्ह करायची जागा. आईला सेव्ह वगैरे ठाऊक नाही. बाहेर पडण्याआधी दिव्यापाशी जावं, एवढं तिला पुरेसं होतं.

त्यानंतर अंगठे माझे आणि डोकं तिचं, अशी वाटणी झाली. पालक तसाच राहिला. शेवटचा सरदार तीन रूपं बदलतो. दुसऱ्या रूपाला ती म्हणाली, “हा डावा हात उचलतो ना, त्याच्या आधी थांबतो बघ.” थांबत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकदाचा पडला, नावं वरवर सरकली, आणि पडद्यावर आलं: शोध पूर्ण, 61 टक्के.

“फर्स्ट क्लास!” मी म्हणालो.

आईने चष्मा पुसला. “उरलेले एकोणचाळीस कुठल्या खोलीत राहिले? नकाशा उघड.”