मेलबर्नचे राज्यपाल आणि गोरेगावचे रामभाऊ

शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर आठवडाभर एकच रणधुमाळी चालली आहे: राज्यपाल हवेत कशाला? सुरुवात झाली राजभवनांवर लागलेल्या 'लोकभवन' या नव्या पाट्यांवरून. गोरेगावात संध्याकाळचा चहा होतो तेव्हा माझ्याकडे मेलबर्नमध्ये रात्रीचे अकरा वाजलेले असतात, त्यामुळे वादाचा ऐन रंग नेमका माझ्या झोपेच्या वेळी चढतो. परवा एकाने निकाल देऊन टाकला, "राज्यपालपद म्हणजे थकलेल्या पुढाऱ्यांची पेन्शन."

गट गोरेगावकरांचा. त्यामुळे दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी विचारलं, "मग रामभाऊ?"

रामभाऊ म्हणजे राम नाईक. आमच्या पिढीला ते आधी ठाऊक झाले ते लोकलवाले म्हणून. आटपाडीत वाढलेला, पुण्यात बी. कॉम. झालेला हा मुलगा 1954 साली मुंबईत आला आणि महालेखापालांच्या कार्यालयात कारकून म्हणून लागला. 1964 मध्ये त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ काढला. माझे वडील जनसंघाच्या विचारांचे अजिबात नव्हते, पण गाडीला लटकून चर्चगेट गाठणाऱ्या माणसाला प्रवासी संघाचं महत्त्व पक्ष विचारून पटत नसतं. पुढे 1969 मध्ये रामभाऊंनी चांगली नोकरी सोडून पक्षाचं पूर्णवेळ काम घेतलं. बोरिवलीतून तीनदा आमदार, मग 1989 पासून सलग पाच वेळा उत्तर मुंबईचे खासदार. मधे 1994 मध्ये कर्करोग झाला, त्यातूनही उठले. रेल्वे राज्यमंत्री झाले, वाजपेयींच्या सरकारात पेट्रोलियम मंत्री झाले आणि 2004 साली चक्क गोविंदाकडून हरले. त्या निकालावर आमच्या गटात आजही दोन तट आहेत.

जुलै 2014 मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. म्हणजे गटावरच्या व्याख्येत अगदी फिट बसणारे. पण लखनौला ते पेन्शनरासारखे राहिले नाहीत. 'महामहिम' म्हणू नका, म्हणाले. दरवर्षी 'राजभवन में राम नाईक' या नावाने स्वतःच्या कामाचा अहवाल छापला. खासदार असतानाची सवय, दुसरं काय. महाराष्ट्र दिन असतो तसा उत्तर प्रदेशचा का नसावा, हा त्यांचा धोशा, आणि 2018 पासून 24 जानेवारीला तो सरकारी पातळीवर साजरा होऊ लागला. बाबासाहेबांचं आडनाव तिकडे 'अंबेडकर' लिहीत. रामभाऊंनी संविधानाच्या हिंदी प्रतीवरची सही दाखवून 'आंबेडकर' करून घेतलं, मध्ये 'रामजी'सुद्धा आणलं. एका कान्यासाठी इतका पाठपुरावा मराठी माणूसच करू जाणे. (मुंबईचं 'बॉम्बे' पुसण्यातही हेच गृहस्थ होते.)

इथवर कौतुक. आता माझ्या मित्रांना न आवडणारा भाग. अखिलेश यादव यांच्या सरकारने 2015 मध्ये विधान परिषदेसाठी नऊ नावं पाठवली. रामभाऊंनी चार मंजूर केली आणि बाकीच्यांवर खुलासे मागितले. लोकायुक्ताच्या नेमणुकीत सरकार, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि राजभवन यांचं इतकं जमेना, की डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयालाच नाव ठरवावं लागलं. 2017 मध्ये सरकार बदललं आणि ही सगळी कुरबुर थांबली. रामभाऊंच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. त्यांच्या आक्षेपांतले काही रास्तही असतील. पण आपल्याकडे नोव्हेंबर 2020 मध्ये गेलेली बारा नावं ठाकरे सरकार पडेपर्यंत राजभवनात पडून राहिली तेव्हा जे चिडले, त्यांनी लखनौच्या नऊ नावांवर टाळ्या वाजवल्या असतील, तर आपला राग राज्यपालपदावर नाही, आपल्या पक्षाच्या गैरसोयीवर आहे.

आता इथलं सांगतो. ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर मी सहज विचारलं, व्हिक्टोरियाचे, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याचे, राज्यपाल कोण? पाचांतल्या एकालाही सांगता आलं नाही. उत्तर आहे मार्गारेट गार्डनर, आधी मोनाश विद्यापीठाच्या कुलगुरू. त्यांच्या आधी एक न्यायाधीश होत्या, त्यांच्या काही वर्षं आधी श्रीलंकेत जन्मलेले एक वैद्यकीय संशोधक. नेमणूक ब्रिटनच्या राजाच्या नावाने होते, पण 1986 च्या ऑस्ट्रेलिया कायद्यापासून सल्ला असतो राज्याच्या प्रीमियरचा, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्र्यांचा. कॅनबेराच्या केंद्र सरकारला त्यात तोंड घालायला जागाच नाही.

आपल्या घटना समितीने आधी निवडून आलेल्या राज्यपालाचा विचार केला होता. 1949 मध्ये तो सोडला आणि नेमणूक केंद्राकडे गेली. कलम 155 प्रमाणे राष्ट्रपती नेमणार, 156 प्रमाणे त्यांची मर्जी असेतो राहणार. मर्जी म्हणजे काय, हे 2014 मध्ये महाराष्ट्राच्या शंकरनारायणन यांना मिझोरमची बदली हातात पडली तेव्हा दिसलं; त्यांनी राजीनामा दिला. आधी गुजरालांच्या संयुक्त आघाडीच्या काळातही वेगळं नव्हतं. याच लखनौच्या राजभवनातून 1998 च्या फेब्रुवारीत रोमेश भंडारींनी कल्याण सिंहांना रातोरात काढून जगदंबिका पाल यांना बसवलं होतं. न्यायालयाने ते परतवलं, आणि पाल यांचं राज्य दोन-तीन दिवसांत आटोपलं.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मात्र समजू नका. 11 नोव्हेंबर 1975 ला गव्हर्नर-जनरल, म्हणजे साऱ्या देशाचे राज्यपाल, जॉन कर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केलं, आणि कर यांचं नाव व्हिटलम यांनीच सुचवलेलं होतं! म्हणजे नेमणारा हात आपला असला तरी खात्री नाही. पण पन्नास वर्षं झाली, इथली वयस्क माणसं अजून त्या दिवसाबद्दल आवाज चढवून बोलतात, आणि तसं पुन्हा करायची हिंमत कुणाला झालेली नाही. आपल्याकडे नोव्हेंबर 2019 चा पहाटेचा शपथविधी विनोदाचा विषय होऊन संपला. राज्यपालांनी ठाकरे सरकारला बहुमत चाचणीसाठी बोलावणं मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीचं ठरवलं, तरी त्यानंतर आलेलं सरकार होतं तिथेच राहिलं. 2025 च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने सांगितलं की विधेयकांवर सही करायला राज्यपालांना मुदत घालून देता येणार नाही. फार ताटकळवलं तर मर्यादित दखल घेता येईल. 'फार' म्हणजे किती, ते ज्याने त्याने पाहावं.

हे सगळं मी गटावर लिहिलं, आणि शेवटी माझं मत: मुख्यमंत्र्यांनाच राज्यपालाचं नाव सुचवू द्या.

लगेच उत्तर आलं, "म्हणजे प्रत्येक जण आपला मेहुणा बसवेल. नुसता रबर स्टँप!"

बसवू दे की, मी म्हटलं. स्टँपच हवा आहे मला. सही करणारा, फिती कापणारा, पदव्या वाटणारा, जमलं तर एखादा कानाही दुरुस्त करणारा.

त्यावर फक्त एक अंगठा आला. तोही गोविंदाला मत दिलेल्याचा.